पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर बावीस एकर जमीन आहे. कागदावर ती हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असते, पण आम्ही बोलतो एकरातच. त्यातली नऊ एकर पोटखराबा म्हणून लागलेली. पोटखराबा म्हणजे जिच्यात पीक येत नाही अशी जमीन. तिला सारा नाही. कागद वाचणाऱ्याला वाटावं, हे नऊ एकर म्हणजे या कुटुंबाचं नशीबच फुटकं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, हा कागद बघून हसायचे. म्हणायचे, "लिव्हणारा घोड्यावरनं गेला आसंल. खाली उतरला आसता तर त्याला गवत दिसलं आसतं."

त्या नऊ एकरांची ही गोष्ट आहे. तिच्यात आजूबाजूच्या सरकारी माळाचीही गोष्ट येते, कारण गवताला बांध कळत नाही आणि पाखराला तर मुळीच नाही.

आमचं गाव सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या पट्ट्यात. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही त्याच्या मर्जीनं. खोलगट भागात काळं रान, तिथं ज्वारी. चढावर मुरूम, तिथं माळ. मी लहान होतो त्या काळात, म्हणजे १९६० च्या दशकात, माळ कुणी मोकळा समजत नव्हतं. त्याचं वेळापत्रक होतं. मृग निघाला की आण्णा बांधावरच्या मोठ्या दगडांना चुना लावायचे. चुना दिसला की धनगर समजायचे, इथं राखलंय. दिवाळीपर्यंत त्यात जनावर घालायचं नाही. दसऱ्याच्या पुढंमागं पवन्या निसवायचा. वाऱ्यावर सगळा माळ तांबूस-सोनेरी हलायचा. खोलगट ओलीच्या जागी मारवेल, मुरमाड टेकाडावर कुसळी. कुसळी कोवळी असंल तोवर जनावर खातं. पुढं तिला कुसळं आली की ती मेंढराच्या लोकरीत घुसतात, तोंडाला टोचतात. मग ती छप्पर शाकारायलाच बरी.

कापणीचं आण्णांचं एक गणित होतं, ते मला मोठं झाल्यावर कळलं. पवन्या फुलोऱ्यात कापला तर वैरण चांगली होते, गोडी राहते. पण मग बी पडत नाही आणि दोन-चार वर्षांत गवत विरळ होतं. बी पडू दिलं तर गवत टिकतं, पण वैरणीचा कस जातो. म्हणून ते माळाचे तीन भाग करायचे. एक भाग दसऱ्याला कापायचा, एक बी झडल्यावर दिवाळीनंतर, आणि एक त्या वर्षी कापायचाच नाही. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कापलेल्या भागात मग धनगर मामांची मेंढरं यायची. ती खुंट खायची, लेंड्या टाकायची, आणि दोन रात्री आमच्या काळ्या रानात वाडा बसायचा. त्याच्या बदल्यात मामांना ज्वारीची पायली जायची.

न कापलेल्या भागाबद्दल मी एकदा विचारलं होतं. आण्णा म्हणाले, "ते आपलं न्हवं. रानाचं हाय."

रानाचं म्हणजे कुणाचं, ते मला त्याच भागात दिसलं. मी असेन सात-आठ वर्षांचा. आषाढातली सकाळ होती, आभाळ भरलेलं. लांबून आवाज आला, हूम... हूम... रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. आण्णांनी मला खाली बसवलं. समोरच्या टेकाडावर, जिथं गवत आखूड होतं तिथं, एक पांढुरका ढिगारा उभा होता. शेपूट पाठीवर उलटलेली, आणि गळ्याखाली पांढरी पिशवी लोंबत पायापर्यंत आलेली. तो माळढोकाचा नर. आमच्याकडं म्हातारी माणसं त्याला हूमच म्हणायची. उभा राहिला की मीटरभर उंच, वजन दहा-पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पाखरांत एवढं जड पाखरू जगात फार थोडं.

नर दिसायचा उंचावर, आखूड गवतात. मादी बसायची न कापलेल्या गुडघाभर गवतात. घरटं असं काही नाही, नुसती उघडी जमीन. अंडं एकच. सत्तावीस-अठ्ठावीस दिवस उबवायचं. ते एक गेलं तर बहुतेक ते सालच गेलं. पिल्लू झालं की मादी त्याला घेऊन टोळ-किडे वेचत फिरायची आणि हिवाळ्यात ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानात यायची. म्हणजे या पाखराला एकाच पट्ट्यात आखूड गवत, उंच गवत आणि कोरडवाहू शेती असं तिन्ही लागतं. आण्णांच्या तीन भागांत ते आपोआप होतं. आण्णांनी ते पाखरासाठी केलं नव्हतं. बैलांसाठी केलं होतं.

मग १९७२ आलं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, मला आठवतं ते एवढंच सांगतो. आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जायच्या. दुपारी सुकडी मिळायची. घरात लाल मिलोची भाकरी. तिला चव नव्हती, पण ती होती. माळावर गवत तर नव्हतंच, शेवटी लोकांनी हरळीची मुळं खणून जनावरांना घातली. आमची एक बैलजोडी आण्णांनी बाजारात नेली आणि येताना दावी तेवढी घेऊन आले. त्या दोन वर्षांत आजूबाजूचं गायरान आणि सरकारी माळ बोडका झाला. वर माती राहिली नाही, नुसता मुरूम. आण्णांनी चुन्याचे दगड राखले, पण भुकेल्या गावात किती राखणार? रात्री कुणी गुरं घातली तर ते उठायचे नाहीत. पडूनच म्हणायचे, "जाऊ दे, त्याची म्हैस गाभण हाय."

दुष्काळानंतर सरकारचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. त्यातून आमच्या भागातल्या बोडक्या सरकारी माळावर प्लॉट पाडले. 'प्लॉट' हाच शब्द गावात रूढ झाला, अजूनही आहे. भोवती चर खणले, मातीचा बांध घातला, आत उताराला आडवे चर घेतले, गवताचं बी फेकलं आणि राखणदार बसवला. उद्देश सरळ होता. माती धरायची, पाणी मुरवायचं, वैरण तयार करायची. माळढोकाचं नावही त्या कागदांत नसावं.

गावानं पहिल्यांदा शिव्याच दिल्या. जिथं बापजाद्यांपासून गुरं चरली तिथं आता चराईबंदी. आमचा एक बैल चर ओलांडून आत गेला, तो कोंडवाड्यात पडला. पाच रुपये भरून मी सोडवून आणला. त्या काळात पाच रुपये मोठे होते.

पण दोन-तीन पावसाळे गेले आणि प्लॉटात गवत उठलं. आधी कुसळी. मग चरांच्या काठानं मारवेल आणि पवन्या. मुरूम झाकला. हिवाळ्यात गवत कापायला माणसं लागायची. विळा घेऊन आत जायचं, कापायचं आणि भारा डोक्यावर घरी आणायचा. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याच दारात गंजी उभ्या राहिल्या. आणि सगळीकडून हटलेलं पाखरू त्या प्लॉटांत गोळा झालं. पावसाळ्यात कुणी आत जायचं नाही, कुत्रं नाही, मेंढरू नाही, गवत गुडघाभर. मादीला आणखी काय पाहिजे? एकदा मी बांधावरून एका वेळी सात पाखरं मोजली आहेत. चार माद्या, दोन नर, एक अर्धवट वाढलेलं पिल्लू. हे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे बघत राहतात.

याच काळात सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकाकडे लोकांचं आणि सरकारचं लक्ष वेधलं. त्यांचा पाठपुरावा आमच्या भागात जुनी माणसं अजून सांगतात. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक इथं येऊन राहिले. डॉ. असद रहमानी यांनी नान्नजच्या माळढोकावर त्या काळात जे काम केलं, ते आजही पायाभूत मानतात. त्यांच्याबरोबरची शिकणारी पोरं दिवसच्या दिवस लपणात बसून वहीत लिहायची. पाखरू किती पावलं चाललं, काय टिपलं, किती वेळ मान वर करून उभं राहिलं. गावाला त्याचं हसू यायचं. मला मात्र वाटायचं, या माळाकडं कुणीतरी घोड्यावरून उतरून बघतंय. मी तोवर दहावी झालो होतो. पुढं शिकणं झालं नाही, पण वहीत लिहिण्याची सवय मला त्या पोरांची लागली.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. पुढं ती तीन ठिकाणी बिघडली, आणि त्यातल्या दोन ठिकाणी माझाही हात आहे.

पहिलं म्हणजे झाडं. तो काळ झाडं लावण्याचा होता. शाळेत, चावडीवर, एस.टी.वर, सगळीकडे तेच लिहिलेलं. मोकळा माळ दिसला की साहेबलोकांना वाटायचं इथं काहीतरी राहून गेलंय. मग गवताच्या माळावर गिरिपुष्प लावलं, सुबाभूळ लावली, कुठं निलगिरी. मी स्वतः मजुरीवर खड्डे खणले आहेत. दिवसाची मजुरी मिळत होती, आणि झाड लावणं पुण्याचं काम, यात वाईट काय?

वाईट असं, की माळढोक हे माळाचं पाखरू आहे, झाडाचं नाही. ते झाडावर बसत नाही. मान वर केली की चारी बाजूंचा माळ पार क्षितिजापर्यंत दिसला पाहिजे, तर त्याला बरं वाटतं. झाडांच्या ओळी उभ्या राहिल्या की त्याला आड झाली. त्या झाडांवर कावळे आणि घारी बसू लागल्या, खाली उघड्यावर अंडं. सावलीत पवन्या टिकत नाही. हिरवाई वाढली असं कागदावर दिसलं असेल, पण माळ कमी झाला. काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे उघड्या माळाचेच रहिवासी. त्यांचंही तेच झालं. पुढे कित्येक वर्षांनी ही चूक ध्यानात आली आणि माळावरचं गिरिपुष्प काढायचं काम निघालं. तेव्हा मी पुन्हा मजुरीवर गेलो. जे मी लावलं होतं तेच मी तोडलं. दोन्ही वेळेला मजुरी मिळाली. गिरिपुष्प तोडलं की बुंध्यापासून पुन्हा फुटतं, त्यामुळे ते एकदा तोडून संपत नाही.

दुसरं म्हणजे द्राक्ष. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका द्राक्ष काढलं, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं घेऊन ते नाव केलं. लांब मणी, पातळ साल, व्यापारी बागेत येऊन पैसे देऊन जायचा. ज्या गावचं नाव पाखरासाठी घ्यायचे ते द्राक्षासाठीही घेऊ लागले. यात काळ्यांचा काय दोष? कोरडवाहू माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही पक्कं घर होईल. आणि द्राक्षाचं असं आहे, की त्याला भारी काळी जमीन लागत नाही. मुरमाड निचऱ्याची चालते. म्हणजे आमचा पोटखराबा.

१९९४ साली मी नऊ एकर मोडायचं ठरवलं. आण्णा थकले होते, कारभार माझ्याकडं होता. बोअरला पाणी लागलं होतं. ते नको म्हणाले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, "वरच्या कोपऱ्यात मादी बसलीया. तिचं पिल्लू उठू दे. मग काय करायचं ते कर."

मी थांबलो. दिवाळी झाली, मादी पिल्लाला घेऊन ज्वारीत गेली, आणि मग मी ट्रॅक्टर घातला. पवन्याचे ठोंब उलटे पडले. त्यांची मुळं हातभर खोल होती. ड्रायव्हर म्हणाला, रान लई घट्ट हाय. घट्ट असणारच. आज्जाच्या आधीपासून त्याला कुणी नांगर लावला नव्हता.

पुढच्या आषाढात मादी आली. तीच होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण आली ती नेमकी त्याच कोपऱ्यात. तिथं आता मांडवाचे खांब उभे होते आणि तारा ओढल्या होत्या. ती खांबांच्या कडेकडेनं चालली. थांबली. मान वर केली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी आली नाही. आण्णा ओट्यावर बसून बघत होते. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी काही बोलले नाहीत, आणि त्या मादीबद्दल पुढं मरेपर्यंत आमच्यात बोलणं झालं नाही. मला त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

एकट्या माझ्या नऊ एकरांनी पाखरू गेलं असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षांत प्रत्येक शिवारात कुणीतरी आपले नऊ एकर मोडत होता. उजनीचं पाणी जिथं गेलं तिथं ऊस गेला. बाकी ठिकाणी बोअर, द्राक्ष, डाळिंब. ज्वारी, मटकी, हुलगा, भुईमूग मागं पडले. सरकारी प्लॉट शाबूत राहिले, पण ते बागांच्या आणि तारांच्या मधले तुकडे झाले. जड पाखरू, त्याची नजर बाजूला चांगली, समोरचं त्याला नीट दिसत नाही. विजेची तार आडवी आली तर वळता येत नाही. आज राजस्थानात, जिथं उरलेल्यांपैकी बहुतेक माळढोक आहेत, तिथं हेच मोठं कारण आहे. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. पुढं २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली.

तिसरं बिघडलं ते माणसाचं मन. १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं. एवढ्या जागेत सरकारी माळ थोडा. बाकी लोकांची शेती, वस्त्या, गावंच्या गावं. सुरुवातीला कुणाला काही जाणवलं नाही. पण कायद्याची अंमलबजावणी कडक होत गेली तशी जमीन विकायला, बिगरशेती करायला, मुरूम काढायला, सगळ्याला परवानगी लागू लागली. पाखरू जिथं कधी दिसलं नाही तिथल्या माणसालाही.

२००३ साली थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मी दोन एकर विकायला काढली. गिऱ्हाईक तयार, भाव ठरलेला. खरेदीच्या वेळेला कळलं, हद्दीतली जमीन आहे, परवानगी आणा. मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत चार महिने फिरलो. प्रत्येक ठिकाणी माणूस बरा होता, पण सही दुसऱ्याची होती. लग्नाची तारीख आली. मी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजानं पैसे काढले, आणि ते फेडायला मला सहा वर्षं लागली.

त्या दिवसांत तिठ्यावर पानाच्या टपरीपाशी एक बोलणं चालायचं. शेवटचं पाखरू मेलं की अभयारण्य उठंल, आपण मोकळे होऊ. कुणी हसून म्हणायचं, कुणी रागानं. मी तिथं उभा असायचो. मी कधी तसं बोललो नाही. पण "असं बोलू नका" असंही म्हणालो नाही. माझ्या खिशात सावकाराची चिठ्ठी होती. ज्या पाखरासाठी माझ्या बापानं माळाचा तिसरा हिस्सा सोडला, त्याच्या मरणाचं बोलणं मी विडी ओढत ऐकलं. पाखराला आणि शेतकऱ्याला एकमेकांसमोर उभं केलं की हरतं पाखरूच, आणि शेतकरीही काही जिंकत नाही.

पुढे मागण्या झाल्या, समित्या झाल्या, कोर्टात गेलं, आणि २०१० नंतरच्या वर्षांत हद्द घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. लोक सुटले. पण तोवर माळावरचा हूम जवळजवळ थांबला होता. २०११ साली जागतिक यादीत हे पाखरू 'अतिसंकटग्रस्त' म्हणून लागलं. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आत-बाहेर उरले असावेत असं जाणकार सांगतात. आमच्या नान्नजला गेल्या काही वर्षांच्या मोजणीत एक-दोनच्या पुढं आकडा गेलेला नाही. एखाद्या वर्षी एकटी मादी दिसते. राजस्थानात जैसलमेरला २०१९ पासून माणसाच्या देखरेखीखाली अंडी उबवून पिल्लं वाढवतात, ते काम चांगलं चाललंय असं वाचतो. पण वाढवलेली पिल्लं सोडायची तर माळ पाहिजे. म्हणून आता माळाचं बोलू.

माळ राखणं म्हणजे नुसतं कुंपण घालून बसणं नाही, हे मी आण्णांकडून आणि पुढं प्लॉटात मजुरीवर शिकलो. पूर्ण मोकळं सोडलं तर पावसाळ्यात मेंढरं कोंब खातात, बी धरत नाही, चांगलं गवत जातं, कुसळी आणि तरवड राहतो, शेवटी मुरूम. पूर्ण बंद केलं तर जुनं वाळलेलं गवत एकावर एक साठतं, खालच्या कोंबाला ऊन लागत नाही, आणि उन्हाळ्यात एका विडीत सगळं जातं. म्हणून हिवाळ्यात जाळरेषा काढायच्या. दोन्ही कडेनं गवत कापून पट्टा मोकळा करायचा आणि मधलं गवत पहाटेच्या दवात, वारा पडलेला असताना जाळायचं. मी चार हिवाळे हे काम केलं आहे. दहा माणसं झोडप्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालतात आणि कुणी बोलत नाही.

कापणी पट्ट्यापट्ट्यानं, बी झडल्यावर. काही पट्टे ठेवायचे. कापलेल्या ठिकाणी हिवाळ्यात मेंढरं येऊ द्यायची, मोजून, आणि मृगाच्या आधी बाहेर काढायची. वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प दिसेल तिथं मुळासकट काढायचं. बोर, हिवर अशी एखाददुसरी झाडं राहू द्यायची, ती माळाचीच आहेत. भटकी कुत्री आत येऊ द्यायची नाहीत. आणि भोवतालच्या शेतकऱ्यानं ज्वारी, मटकी पेरावी असं वाटत असेल तर त्याला ती परवडली पाहिजे. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. बाकी सगळं आण्णांचं तीन भागांचंच गणित.

माझी द्राक्षबाग अकरा वर्षं चालली. पहिली सहा चांगली गेली, घर झालं. मग बोअर खाली गेला. दुसरा घेतला, तिसरा घेतला, टँकर घातले. २००५ साली बाग तोडली. मांडवाचं लोखंड विकलं. सावकाराचं थोडं फिटलं. नऊ एकरांपैकी पाच एकरांत आता तूर-ज्वारी करतो. वरच्या अंगाचे चार एकर मी पुन्हा गवताला सोडले.

सोडले म्हणून गवत आलं असं झालं नाही. पहिली तीन-चार वर्षं नुसतं तण, मग कुसळी. पवन्या आपण होऊन परतलाच नाही. मोडायला ट्रॅक्टरला दोन दिवस लागले होते. मी रस्त्याच्या कडेचं, ओढ्याच्या काठचं पवन्याचं बी ओंजळीनं गोळा केलं आणि दर मृगाला फेकत गेलो. सातव्या वर्षी एका ठिकाणी, अंगणाएवढ्या जागेत, पवन्या निसवलेला दिसला. आज तो अर्ध्या एकरात आहे. मी दगडांना चुना लावतो. तिसरा हिस्सा कापत नाही. धनगर मामांचा नातू दिवाळीनंतर मेंढरं आणतो. आता वाड्याचे पैसे रोख घेतो, पायली नको म्हणतो.

चंडोल आले आहेत. माळटिटवी अंडी घालते. थंडीत संध्याकाळी भोवत्या गवतावरून खालून खालून फिरतो. एका पहाटे लांडगा आडवा गेला. माळढोक आलेला नाही. आषाढात आभाळ भरून आलं की मी वरच्या कोपऱ्याकडे जाऊन बसतो. तिथं कामही काही नसतं.

परवा नातवानं मोबाइलवर ई-पीक पाहणी भरायला घेतली. तलाठ्यानं शेवटची तारीख सांगितली होती. तूर लावली, ज्वारी लावली. मग वरच्या चार एकरांपाशी येऊन तो थांबला.

"आजोबा, इथं काय? पड लावू का?"

"पड नगं," म्हणालो. "गवत हाय की. यादीत बघ गवत हाय का."

तो बोटानं यादी वर-खाली करत बसला. मी चष्मा काढून आणायला आत गेलो.